मोज्यांची पावती

५ फेब्रुवारी
चष्म्याच्या दुकानातून

प्रिय वन्सं,

पोचलात, बॅगा मिळाल्या, हॉटेलची गादी मऊ आहे, एवढं तुमच्या भावाकडून कळलं. बाकी तुम्ही फोनवर जे बोललात ते सगळं मी खोटं धरलंय, कारण हे शेजारी उभे होते. म्हणून ही मेल. दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं, मालक जेवायला घरी जातात आणि हा कॉम्प्युटर माझा होतो. तुम्हीही याच पत्त्यावर लिहा. माझ्या मोबाइलवर काही पाठवू नका. हे माझा फोन मुद्दाम बघतात असं नाही हो, पण समोर अक्षर दिसलं की ते वाचतात, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. आणि वाचलं की सांगतात. यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार, लहानपणापासून तुम्हीच मार खाल्लाय त्यापायी. आज यांना कळलं तर उद्या सकाळी तुमच्या लाँड्रीच्या काउंटरवर जाऊन भावोजींना सांगून मोकळे होतील. आणि तुमच्या घरात तुमच्याच लेकाचं, ढब्बूचं, नाव काढायची सहा वर्षं चोरी आहे.

तर कामाचं. ढब्बूची मेल आली. तो कामाला आहे ते जहाज वेळेवर आहे. अकरा तारखेला त्या बंदरात लागणार, बारा तारखेला पहाटे सुटणार. म्हणजे आपण टूरवाल्यांची पुस्तकं चाळून चाळून जी तारीख जुळवली ती बरोबर जुळली. अकराला तुमच्या कार्यक्रमात लिहिलंय, 'मोकळा दिवस, विश्रांती व खरेदी'. करा विश्रांती!

एकच धास्ती आहे, ते कार्ड. तुमच्या भावाच्या कार्डाचं ते जोडकार्ड, नाव तुमचं पण प्रत्येक खर्चाचा मेसेज यांच्या फोनवर. टूरचा कार्यक्रम यांनी घड्याळाखाली भिंतीला चिकटवलाय आणि मेसेज आला की चष्मा लावून तिथं जाऊन उभे राहतात. काल तुम्ही विमानतळावर पाणी घेतलंत ना? 'विमानतळ, बरोबर,' असं म्हणून यांनी पेन्सिलीनं टिक केली. बँकेतून निवृत्त झाले तरी आमचा कॅशियर अजून पिंजऱ्यातच बसलाय.

म्हणून त्या दिवशी कार्ड पर्समधून बाहेर काढूच नका. रेल्वे रोखीनं, टॅक्सी रोखीनं. आणि मी तुमच्यासमोर ढब्बूची शपथ घेतलीय ती माझ्या लक्षात आहे. माझ्या तोंडून ब्र निघणार नाही.

तुमची भावजय


७ फेब्रुवारी
हॉटेलच्या खालच्या मजल्यावरून

चष्मेवाली बाई,

इथं एक कॉम्प्युटर पाहुण्यांसाठी ठेवलाय. आमच्या टूरमधल्या दोन बायका माझ्यामागं उभ्या आहेत, त्यांना वाटतंय मी नवऱ्याला लिहितेय. वाटू दे.

माझ्या भावाच्या नियमांनी माझा जीव नको केलाय गं. विमानतळापर्यंत त्यानं मला पढवलं, ते अजून कानात वाजतंय. मशीन विचारेल, तिथल्या चलनात की आपल्या चलनात, तर तिथल्याच चलनात म्हणायचं, नाहीतर मधल्या मधे कापून घेतात. कार्ड डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही. एटीएममधून रोख काढायची नाही, पहिल्या मिनिटापासून व्याज. पर्समध्ये जुजबी पैसे, बाकीचे हॉटेलच्या तिजोरीत. फोनचं रोमिंग बंद. एका बाजूचं तिकीट काढायचं नाही, परतीचं आधी हातात. मोठ्या खर्चाआधी एखाद्या छोट्या खरेदीवर कार्ड चालतंय का बघायचं. आणि पावती! पावती फेकशील तर याद राख. मी म्हटलं, अरे, मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे, तुला शर्टाची बटणं लावायला मी शिकवलं. तर म्हणतो, बटण तुटलं तर परत लागतं, ताई.

खरं सांगू? एकही नियम चुकीचा नाही. काल टूरमधल्या एका मास्तरांनी आपल्या चलनात पैसे दिले, दुप्पट चिडचिड करत बसले होते. मी गप्प राहून माझी पावती पाकिटात ठेवली. भावाचा अभिमानच वाटला जरा.

हॉटेलवाल्यांनी आल्या आल्या कार्डावर अनामत अडकवून ठेवलीय. ती आपण निघताना सुटते म्हणे. आता रोखीचं सांगते. तिजोरीतले आणि पर्समधले मिळून रेल्वेचे येण्याजाण्याचे होतील, टॅक्सीचे होतील की नाही सांगता येत नाही. इथं सगळंच महाग आहे बाई, नुसता श्वास तेवढा फुकट.

मी काल आरशात बघितलं. सहा वर्षांपूर्वी ढब्बू घर सोडून गेला तेव्हा माझे केस काळे होते. आमच्या यांनी पोराला काउंटरवर गिऱ्हाइकांदेखत थोबाडीत मारली, दुकानात बसणार नाही म्हणाला एवढ्यासाठी, आणि मी आत मशीनवर पँट आखूड करत होते. उठले नाही. पँट पुरी केली. ते मला त्याला सांगायचंय, की मी उठायला हवं होतं. दुसरं काही नाही. फोनवर नाही सांगता येत ते.

ताई


९ फेब्रुवारी
दुकानातून, घाईत

प्रिय वन्सं,

नीट लिहून घ्या. सकाळी सव्वादहाची गाडी, एक चाळीसला बंदराच्या गावी. स्टेशनपासून बंदराचं चार नंबरचं फाटक अकरा किलोमीटर. ढब्बूला जहाजावरून उतरायची परवानगी तीन ते पाच, आणि तीही फाटकापर्यंतच. फाटकाबाहेर त्याला पाऊल टाकता येत नाही. आत तुम्हाला जाता येत नाही. फाटकाजवळ खलाशांसाठी एक खोली आहे, बाकं आहेत, तिथं घरच्यांना भेटू देतात, तो तिथंच बसेल. पाचला त्यांची लाँच परत जहाजाकडे निघते, ती कुणासाठी थांबत नाही. त्याच्याकडे तिथं चालणारा फोन नाही, मेल तो आठवड्यातून एकदा बघतो. म्हणजे आता बदल नाही. तुम्ही पोचायचं एवढंच.

दोन तास मिळतायत वन्सं, सहा वर्षांत. रडण्यात घालवू नका. आणि त्याला सांगा, मामीनं त्याच्या चष्म्याचा नंबर विचारलाय.

रोख पुरली नाही तर टॅक्सीला कार्ड वापरा, काय व्हायचं ते होवो. तोवर तुम्ही त्याच्यासमोर असाल. यांना मी बघून घेईन.

तुमची भावजय


११ फेब्रुवारी
आपल्याकडची वेळ संध्याकाळचे सव्वापाच

वन्सं,

हे तुम्ही कुठं वाचाल, वाचाल की नाही, मला माहीत नाही. तुमचं कार्ड बंद झालंय. बँकेला काहीतरी शंका आली. पुन्हा चालू होत नाही म्हणतात. टॅक्सीवाल्याला तिथं उतरल्यावर ढब्बूकडून पैसे देता येतील, तसं सांगून बघा. स्टेशनातल्या बाईला सांगा. कुणालाही सांगा. कुणाच्या पाया पडायची लाज बाळगू नका.

ढब्बूलाही मेल टाकलीय. वाचणार नाही माहीत आहे, तरी टाकलीय.

मी इथं दुकानात बसलेय.


१२ फेब्रुवारी
हॉटेलवरून

बाई,

तुझी मेल आत्ता वाचली. कालच्या दिवसाचं सांगते. मधे थांबले तर पुढं लिहिणार नाही, म्हणून एका दमात.

तिकीट रोखीनं काढलं. भावानं सांगितलं तसं परतीचंही. त्यात सगळी रोख गेली, पर्समध्ये चिल्लर उरली. गाडी वेळेवर पोचली. स्टेशनबाहेर असं वारं की डोळ्यांतून पाणी. मनात आलं, हा पोरगा डेकवर उभा राहतो, पायात काय घालत असेल? समोरच दुकान होतं. आता टॅक्सी कार्डावरच करायची होती, आणि मोठ्या खर्चाआधी छोट्या खरेदीवर बघून घ्यायचं, हा नियम. म्हणून मोज्यांचे दोन जोड घेतले, लोकरीचे, राखाडी. मशीननं विचारलं, मी तिथलंच चलन म्हटलं. कार्ड चाललं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दुकानदार पोरीच्या गालाला हात लावला मी.

मग टॅक्सीच्या रांगेत गेले. ड्रायव्हरनं आधी कार्ड मागितलं. मशीनमध्ये घातलं, लाल दिवा. पुन्हा, लाल. दुसऱ्या टॅक्सीत गेले, तिथंही तेच. भिंतीतल्या एटीएममध्ये घातलं, व्याज तर व्याज म्हटलं, तर त्यानंही बाहेर ढकललं. बसमध्ये चिल्लर घेतच नाहीत, तिथंही कार्डच लागतं. ड्रायव्हर वाईट नव्हता, खांदे उडवून त्यानं दार लावून घेतलं. रोमिंग बंद, फोन म्हणजे नुसती पाटी. स्टेशनवरच्या वायफायला म्हणे आधी फोनवर आकडे यावे लागतात. ढब्बूकडून पैसे देववते, हे मी मोजे दाखवून, हात जोडून, त्याचा फोटो दाखवून सांगितलं. माझी भाषा त्यांना कळत नाही, त्यांची मला. फोटो बघून एक बाई म्हणाली, छान आहे. एवढं कळलं मला.

दोन चाळीसला चालायला लागले.

अकरा किलोमीटर म्हणजे काही फार नाही गं. लाँड्रीत मी दिवसभर उभीच असते. पण गुडघा तिसऱ्या मैलालाच बोलायला लागला. रस्ता मोठ्या ट्रकांचा, कडेला चालायला जागा नाही, गवतातून चालायचं. पाटी आली की वाटायचं आलं, तर पुढं अजून पाटी. हात केला, एक ट्रक थांबला, बाईमाणूस एकटी बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, निघून गेला. चार वाजले. साडेचार वाजले. तेव्हा मी पळाले. या वयात पळाले गं मी, पर्स पोटाशी धरून. पाच वाजले तेव्हा दूरवर क्रेन दिसत होत्या.

फाटकावर पोचले तेव्हा पावणेसहा. बाकं रिकामी. एका बाकावर कागदाचे दोन कप होते, एक प्यायलेला आणि एक भरलेला, तसाच. कुणाचे होते ते मी मला विचारतही नाही.

पहारेकऱ्याला वहीतलं जहाजाचं नाव दाखवलं. त्यानं पाण्याकडे बोट केलं. लांब उभं होतं, दिवे लागत होते त्याच्यावर. मोज्यांची पिशवी त्याच्या हातात दिली, नाव पुन्हा दाखवलं, त्यानं मान हलवली. चिठ्ठी लिहावी हे मला सुचलंसुद्धा नाही, परत निघाल्यावर सुचलं. नुसते मोजे बघून ढब्बूला काय कळणार, कुणी दिले? समजेल, कुठल्याशा संस्थेनं गरिबांना वाटले. तिथल्या कामगारांच्या गाडीनं मला स्टेशनला सोडलं. परतीचं तिकीट होतं म्हणून परत आले, नाहीतर रात्र कुठं काढली असती? तेवढ्यापुरतं भावाला माझ्यातर्फे दुवा दे. कशाबद्दल ते सांगू नकोस.

बँकेच्या त्या मशीनला मोज्यांत काय शंका आली असेल गं?

आता अजून आठ दिवस टूर आहे. उद्या कुठलासा धबधबा दाखवणारेत.

ताई


१३ फेब्रुवारी
दुकानातून

वन्सं,

मशीनला शंका आली नव्हती. तुमच्या भावाला आली होती. मी तुम्हाला खोटं लिहिलं. आणि आताही अर्धंच सांगितलं तर अजून खोटं होईल, म्हणून सगळं सांगते.

परवा साडेचारच्या सुमाराला हे दुकानात आले. यांच्या चष्म्याची डावी काच बदलायची होती. मी चष्मा उघडला, स्क्रू बशीत ठेवला, काच काढली. तेवढ्यात यांचा फोन वाजला. चष्मा माझ्या हातात, यांना फोनवरचं काही दिसेना. माझ्यापुढं फोन धरून म्हणाले, 'वाच गं, ताईनं काय घेतलं बघू.'

आणि मी वाचलं. वन्सं, मीच वाचलं! सवयीनं. दिवसभर म्हाताऱ्या माणसांसमोर पाटीवरची अक्षरं वाचून दाखवते, तशी घडाघडा वाचली. रक्कम, दुकान, आणि गावाचं नाव. गावाचं नाव तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते. हॉटेलचं गाव म्हणायला काय झालं होतं? आंधळ्या माणसाला फसवायला किती अक्कल लागते?

हे म्हणाले, 'तिथं? ते तर समुद्रावर आहे. आज तर विश्रांती!' चेहरा पांढरा पडला. 'ताईचं कार्ड मारलं कुणीतरी. चोर आधी असंच छोटं काहीतरी घेऊन बघतात, चालतंय का.' त्यांनीच तुम्हाला शिकवलेली युक्ती, वन्सं! तुम्हाला फोन लावला, तो बंद. टूरच्या गाइडला लावला, तो म्हणाला, मोकळा दिवस आहे, मला काय माहीत कोण कुठं आहे. मग यांनी बँकेला लावला. तुम्हाला माहीत आहे, नोकरीत एकदा यांच्या हातून खोटा चेक वटला, आणि बढती कायमची राहिली. तेव्हापासून यांचं एकच, शंका आली की आधी थांबवायचं, चौकशी मागाहून.

आणि मी? हातात स्क्रूड्रायव्हर धरून उभी. ढब्बूची शपथ. त्याचीच शपथ मोडली तर त्याला काही होईल, हे माझ्या डोक्यात. इतकी शिकलेली बाई मी, लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते! यांनी बँकेला पत्ता सांगितला, जन्मतारीख सांगितली, 'कायमचं बंद करा' म्हणाले, फोन ठेवला, आणि चोर पकडल्यासारखे माझ्याकडे बघून हसले. तेव्हा माझं तोंड उघडलं.

त्या दहा मिनिटांत उघडलं असतं तर तुम्ही टॅक्सीत होतात.

यांनी लगेच पुन्हा फोन लावला. पलीकडून सांगितलं, एकदा कायमचं बंद केलं की उघडत नाही, नवीन कार्ड सात दिवसांत घरच्या पत्त्यावर येईल. हे म्हणाले, 'अहो, बाई तिकडं रस्त्यावर उभी आहे, कार्ड घरी काय करू?' पलीकडचा म्हणाला, 'मी समजू शकतो सर, पण नियम आहे.' वन्सं, हेच वाक्य यांनी चौतीस वर्षं काउंटरवर लोकांना ऐकवलं. फोन हातात तसाच धरून बसले.

मग जे नको होतं तेच. चष्म्याशिवाय, रस्ता ओलांडून, तडक लाँड्रीत गेले. मी घाईनं तुम्हाला ती मेल टाकली आणि मागं धावले. भावोजींना सगळं सांगितलं, ढब्बूचं, जहाजाचं, तुमचं, कार्डाचं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, म्हणाले. भावोजी इस्त्री करत होते. एकाच शर्टावर तीनदा इस्त्री फिरवली. मग विचारलं, 'कितीपर्यंत थांबणारे तो?' मी म्हटलं, तिथले पाच, म्हणजे आपले आठ. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. आम्ही तिघं आठ वाजेपर्यंत लाँड्रीत बसलो. दुसरं काय करणार होतो? गिऱ्हाइकं येत होती, कपडे नेत होती.

मला काय बोलायचं ते बोला. तुमचे मोजे कुणी गरिबाला वाटले नसतील, एवढं देवाला सांगतेय.

तुमची भावजय


१५ फेब्रुवारी

बाई,

रागावले नाही असं लिहिणार होते. खोटं ठरेल. दोन दिवस मी मनात तुला आणि त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. धबधब्यासमोर उभी राहून बोलले, तिथं कुणाला ऐकू जात नाही.

पण मीही एक लपवलंय. मोजे घेतल्यावर मी लगेच टॅक्सीच्या रांगेत गेले नाही. वेळ होता. बाकावर बसले, पर्समधला सुईदोरा काढला आणि चारी मोज्यांना आतून टाचेपाशी आपल्या घरची खूण घातली. लाल दोरा, दोन उभे टाके, एक आडवा. लाँड्रीत दर घराची खूण वेगळी, आपल्या घरची ही, त्याच्या शाळेच्या सदऱ्यापासून. म्हटलं, जहाजावर शंभर जणांचे कपडे एकत्र धुतात, हरवायला नकोत. पंचवीस मिनिटं गेली त्यात. सरळ उठून टॅक्सीत बसले असते तर तुझे कॅशियर बँकेशी बोलत असताना मी फाटकावर असते.

तेव्हा पँट पुरी केली. आता टाके पुरे केले. माझी जातच ही.

भावाला सांग, पावत्या सगळ्या जपून ठेवल्यात. मोज्यांची तेवढी सापडत नाही. पिशवीतच राहिली वाटतं.

ताई


१८ फेब्रुवारी
दुकानातून

प्रिय वन्सं,

तुमचं विमान परवा, पण ही मेल मी तोवर पोटात ठेवू शकत नाही. मीही आता यांच्यासारखीच झाले. सकाळी ढब्बूची मेल आलीय. जशीच्या तशी खाली उतरवतेय.

'मामी, आई आली नाही म्हणून मी तुला त्या दिवशी लिहिलंच नाही. बाबांनी अडवलं असणार, असं धरून चाललो आणि त्या रात्री जहाजावर जेवताना चारचौघांत त्यांच्याबद्दल नको नको ते बोललो. दुसऱ्या पहाटे सुटायच्या आधी सामानाच्या बोटीतून एक पिशवी आली, वर जहाजाचं नाव. चार दिवस तशीच ऑफिसात पडली होती, कुणी घेईना म्हणून मी उघडली. मोजे होते. एक उलटा केला तर टाचेत आपल्या घरची खूण. पिशवीच्या तळाशी पावती, अकरा तारीख, एक वाजून पन्नास मिनिटं, स्टेशनसमोरचं दुकान. मामी, आई त्या गावात होती. मी तीनपासून पाचपर्यंत फाटकातल्या बाकावर होतो. तिच्यासाठी कॉफी घेऊन ठेवली होती. अकरा किलोमीटर होते फक्त. तीन तासांत आई का पोचली नाही? कुणी अडवलं तिला? आता आम्ही मोठा समुद्र ओलांडतोय, ही मेल ऑफिसातून कशीबशी जातेय, पण आलेल्या मेल उघडत नाहीत, तीन आठवडे बघता येणार नाहीत. लिहून ठेव, तिकडं पोचल्यावर वाचेन.'

मी कागदावर काढून घरी नेली. चष्मा आता तयार आहे, यांनी स्वतः वाचली. दोनदा. मग म्हणाले, 'लिही त्याला. बाबांनी नाही. मामानं अडवलं.' मी लिहिलं. त्याखाली लिहिलं, मामीनं वाचून दाखवलं. आणि तुमचं ते वाक्यही लिहिलं वन्सं, तुम्हाला न विचारता, की तुम्ही उठायला हवं होतं म्हणता. मेल गेली. पण तो तीन आठवडे वाचणार नाही, आणि तोवर समुद्रात कुठंतरी बसून बापाला शिव्या देत राहणार. आपण काही करू शकत नाही. कुठं ओरडून सांगायचं?

तुमचं नवीन कार्डही आज आलं. यांनी सही करून पाकीट घेतलं, उघडलं नाही, भिंतीवरच्या टूरच्या कार्यक्रमामागं खोचून ठेवलं.

मग तो कागद घेऊन हे लाँड्रीत गेले. मीही गेले, भीती वाटत होती. भावोजींनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरून वाचला. शिव्यांची ओळसुद्धा वाचली, आम्ही ती झाकायला विसरलो. घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, 'खूण ओळखली म्हणतोय.'

मी हो म्हटलं. ते मान हलवून पुन्हा कामाला लागले, शर्ट पसरला, इस्त्री फिरवायला लागले. लाइट तासाभरापूर्वीच गेली होती, वन्सं. इस्त्री थंडगार होती.

तुमची भावजय